नवजात व अर्भकांतील रोटाव्हायरस अतिसार : विषाणूचे वाण आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

सातारा व सांगली जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या आपल्या वैद्यबंधू-भगिनींना हिवाळ्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न आईबापांचा : बाळाला रोटाचे थेंब तीन वेळा पाजले, तरी जुलाब झालेच, मग लसीचा उपयोग काय? दुसरा प्रश्न जिज्ञासू वैद्यांचा : प्रसूतिगृहातील चार दिवसांच्या बाळाच्या शौचात हाच विषाणू सापडतो, पण बाळ व्यवस्थित दूध पिते आणि त्याचे वजनही वाढते, हे कसे? वरवर पाहता हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. तथापि त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. रोटाव्हायरस हे एका विषाणूचे नाव नसून अनेक वाणांच्या मोठ्या कुळाचे नाव आहे आणि नवजात बालकाला गाठणारे वाण पुष्कळदा सहा-आठ महिन्यांच्या बाळाला गाठणाऱ्या वाणांहून निराळे असतात. या भेदाचा अभ्यास आपल्या देशात झाला, त्यातूनच एक स्वदेशी लस जन्मास आली, आणि तिच्या परीक्षणात आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. प्रस्तुत लेखात हा विषय क्रमाने मांडून त्यातून आपल्या नित्य व्यवहारासाठी काय बोध घ्यावा, याचा विचार आम्ही केला आहे.

विषाणू व त्याचे वाण

१९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसाराने आजारी असलेल्या बालकांच्या आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा विषाणू पाहिला. त्याचा आकार चाकासारखा दिसतो. लॅटिन भाषेत चाकाला ‘रोटा’ म्हणतात, म्हणून हे नाव रूढ झाले.

या विषाणूचा आनुवंशिक द्रव्याचा साठा सलग नसतो. तो अकरा सुट्या खंडांत विभागलेला असतो. विषाणूच्या बाह्य आवरणावर दोन महत्त्वाची प्रथिने असतात. व्हीपी-७ या प्रथिनावरून ‘जी’ प्रकार ठरतो आणि व्हीपी-४ या प्रथिनावरून ‘पी’ प्रकार ठरतो. म्हणून प्रत्येक वाणाची ओळख दुहेरी असते, जसे जी-१ पी-८, जी-२ पी-४ किंवा जी-९ पी-११. आजवर जी चे चाळीसहून अधिक आणि पी चे पन्नासहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. मात्र मनुष्याच्या बालकांत त्यांतील मोजकेच प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतात.

वाण बदलण्याचे मार्ग दोन आहेत. आपल्या भागातील शेतकऱ्याला दोन्ही परिचित आहेत. थॉम्पसन सीडलेस या द्राक्षातून निवडीने तास-ए-गणेश हा वाण तासगाव परिसरात पुढे आला. मूळ तेच, पण लहानसा बदल झाला आणि तो टिकला. विषाणूतही असे लहान बदल सतत होत असतात. दुसरा मार्ग संकराचा. एकाच पेशीत दोन वेगळे रोटाव्हायरस शिरले तर त्यांच्या अकरा खंडांची अदलाबदल होऊन नवा वाण तयार होऊ शकतो. खिलार गायीला परदेशी वळूचे रेत दिल्यावर वासरात दोहोंचे गुण उतरावेत, तसाच हा प्रकार होय. गोठा आणि घर एकमेकांस लागून असलेल्या आपल्या देशात गाय-वासरांच्या रोटाव्हायरसचे खंड मनुष्याच्या वाणांत आढळतात, यात नवल नाही.

नवजात बालकांचे वाण

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांचे सहकारी नवजात बालकांचा अभ्यास करीत होते. तेथील अनेक नवजात बालकांच्या शौचात रोटाव्हायरस सापडला, परंतु त्या बालकांना अतिसार झाला नव्हता. या वाणाला ११६-ई असे नाव मिळाले. तो जी-९ पी-११ प्रकारचा आहे. त्याचे बहुतेक खंड मनुष्याच्या विषाणूचे, तर व्हीपी-४ चा खंड गायीच्या विषाणूशी नाते सांगणारा आहे. पुढे या बालकांवर लक्ष ठेवले असता असे दिसून आले की, जन्मतः हा संसर्ग झालेल्या बालकांना नंतरच्या काळात रोटाव्हायरसचा अतिसार कमी प्रमाणात झाला. निसर्गाने जणू स्वतःच लस टोचली होती.

त्याच सुमारास बंगळूर येथेही नवजात बालकांत लक्षणरहित संसर्ग करणारा आय-३२१ हा वाण सापडला. तो जी-१० पी-११ प्रकारचा असून त्यात गायीच्या विषाणूचे खंड बहुसंख्य आहेत. लस म्हणून दोन्ही वाणांची प्राथमिक परीक्षा झाली, तेव्हा ११६-ई ने बालकांत अधिक चांगला प्रतिकार निर्माण केला आणि तोच पुढे नेण्यात आला.

यावरून नवजात बालकातील संसर्ग नेहमीच निरुपद्रवी आणि नेहमीच संरक्षक असतो, असा समज करून घेऊ नये. तमिळनाडूतील वेल्लोर येथे नवजात बालकांत जी-१० पी-११ प्रकारचाच वाण दीर्घकाळ आढळत राहिला. तेथे काही बालके लक्षणरहित होती, तर काहींना पचनसंस्थेचा आजार झाला. शिवाय तेथे जन्मतः झालेल्या संसर्गाने पुढील काळात संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. उलट मेलबर्न येथील नवजात बालकांच्या अभ्यासात असे दिसले की, पुढे संसर्ग टळला नाही, पण आजाराची तीव्रता कमी झाली. दिल्ली, वेल्लोर आणि मेलबर्न या तीन ठिकाणी तीन निराळे निष्कर्ष निघाले. वाण बदलला, भूमी बदलली, की फळही बदलते.

बीज आणि क्षेत्र

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चारांच्या संयोगाने अंकुर उगवतो, तसा गर्भ निर्माण होतो, असा दृष्टान्त आहे. संसर्गाच्या आकलनासाठी हा दृष्टान्त आम्हास उपयुक्त वाटतो. प्राचीन ग्रंथांत विषाणूंचे वाण सांगितले आहेत असा दावा आम्ही करीत नाही आणि कोणी करूही नये. विचार करण्याची चौकट म्हणून मात्र ती आपल्या हाती आहे.

बीज म्हणजे वाण, हे वर आलेच. क्षेत्र म्हणजे बालकाचे आतडे. विषाणू आतड्याच्या पेशीवरील विशिष्ट शर्करायुक्त रेणूंना चिकटून आत शिरतो. मोठ्या बालकांत आढळणारे पी-८ व पी-४ हे प्रकार रक्तगटाशी संबंधित, पूर्ण घडलेल्या शर्करांना चिकटतात. पी-११ प्रकार त्याच शर्करांच्या अपूर्ण, आरंभीच्या रूपाला चिकटतो. नवजात बालकाच्या आतड्यात ही आरंभीची रूपे विपुल असतात आणि वय वाढते तशी ती बदलत जातात. म्हणून पी-११ चा वाण प्रसूतिगृहात रेंगाळतो, तर पी-८ चा वाण अंगणवाडीच्या वयात घरोघरी फिरतो. आपल्या परंपरेने बालकाचे क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद असे आहारावरून तीन भाग केले. एकाच आतड्याची भूमी वयानुसार बदलते, हे त्या विभागणीमागील निरीक्षण आजही विचार करण्याजोगे आहे.

अंबू म्हणजे पोषण, अर्थात स्तन्य. स्तन्यातील प्रतिपिंडे बहुतांश संसर्गांपासून बाळाचे रक्षण करतात. येथे एक सूक्ष्म गोष्ट आढळली आहे. वेल्लोरच्या जी-१० पी-११ या वाणाबाबत मातेच्या दुधातील काही शर्करा विषाणूला प्रयोगशाळेत अडविण्याऐवजी साहाय्यच करतात, असे दिसले. यावरून स्तनपान थांबवावे असा अर्थ कोणीही काढू नये. एका वाणाची ही विशेष गोष्ट असून स्तन्याचे एकूण लाभ निर्विवाद आहेत. आजारी बालकाचे अंगावरचे दूध तोडणे ही घातक चूक होय.

ऋतूविषयी सांगायचे तर पश्चिम महाराष्ट्रात हा अतिसार थंड व कोरड्या महिन्यांत अधिक आढळतो. पावसाळ्यातील दूषित पाण्याच्या अतिसाराहून हे चित्र निराळे आहे. पाणी उकळून पिणे आवश्यक आहेच, परंतु रोटाव्हायरस हातांवरून, खेळण्यांवरून, दुपट्यांवरूनही पसरतो. आजारी बालकाच्या एक ग्रॅम शौचात अब्जावधी विषाणू असतात आणि संसर्गास त्यांतील अगदी थोडे पुरतात. म्हणून स्वच्छ पाण्याची सोय असलेल्या श्रीमंत देशांतही लस येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक बालकाला हा संसर्ग होत असे.

वढूपासून गावोगावी : लसीचा प्रवास

११६-ई या वाणापासून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने ‘रोटाव्हॅक’ ही तोंडावाटे देण्याची लस तयार केली. तिच्या मोठ्या परीक्षणात ६,७९९ बालके होती आणि केंद्रे तीन होती : दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वढू. वढूच्या परिसरातील ग्रामीण कुटुंबांनी आपली बाळे या अभ्यासात सहभागी केली, याची नोंद आपण महाराष्ट्रीयांनी कृतज्ञतेने ठेवली पाहिजे. तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. २०१६ पासून ही लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सर्व राज्यांत रोटाव्हायरसची लस मिळू लागली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासिल’ ही दुसरी लस निराळ्या विचाराने बनली आहे. गायीच्या विषाणूच्या पायावर मनुष्याच्या जी-१, जी-२, जी-३, जी-४ आणि जी-९ या पाच प्रकारांचे खंड बसवून ती तयार केली आहे. या लसीने आफ्रिकेतील नायजर देशात तीव्र आजारापासून सुमारे ६७ टक्के संरक्षण दिले, तर भारतातील परीक्षणात ते ४० टक्क्यांच्या थोडे खालीच राहिले. लस तीच, पण क्षेत्र बदलले. मातेकडून आलेली प्रतिपिंडे, आतड्यातील इतर जंतूंचा वावर, कुपोषण, सोबत दिलेली पोलिओची तोंडावाटेची लस, आणि शर्करांच्या घडणीतील आनुवंशिक भेद, ही त्यामागील संभाव्य कारणे मानली जातात.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. या लसींचे प्रमुख कार्य जुलाब पूर्णपणे टाळणे हे नसून बालकाला सलाइन लावण्याची, दवाखान्यात दाखल करण्याची, आणि क्वचित त्याचा जीव जाण्याची वेळ टाळणे हे आहे. नैसर्गिक संसर्गही असेच करतो : पहिला संसर्ग बहुधा सर्वांत तीव्र असतो आणि पुढचे उत्तरोत्तर सौम्य होत जातात. लसीकरणापूर्वी भारतात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार बालके या विषाणूने दगावत असल्याचा अंदाज होता. अतिसाराने दाखल झालेल्या बालकांपैकी सुमारे ४० टक्क्यांत रोटाव्हायरस सापडत असे. लस आल्यानंतर नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांच्या निरीक्षणात हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. थेंब घेतलेल्या बाळाला जुलाब झाले, म्हणून थेंब वाया गेले असे म्हणता येत नाही. ते जुलाब किती सौम्य राहिले, हे पाहावे लागते. शिवाय अतिसार करणारे इतर अनेक विषाणू व जंतू आहेत आणि त्यांच्यावर या लसीचा अंमल नाही.

लस ६, १० व १४ आठवडे वयाला द्यावयाची असते. उशीर झाल्यास आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार पहिली मात्रा एक वर्ष वयापर्यंत सुरू करता येते. आतड्यात आतडे शिरणे हा एक विरळ विकार एका जुन्या परदेशी लसीशी निगडित आढळल्याने ती लस १९९९ मध्ये मागे घेण्यात आली होती. भारतातील रोटाव्हॅकविषयी झालेल्या मोठ्या निरीक्षणात तसा संबंध आढळला नाही. तरीही लस घेतलेले असो वा नसो, बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, हिरवी उलटी करीत असेल आणि शौचात लाल जेलीसारखा पदार्थ येत असेल, तर त्यास रक्तातिसार समजून घरी ठेवू नये. त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

चिकित्सेतील कर्तव्य आणि मर्यादा

शौच पाहून विषाणूचा वाण ओळखता येत नाही. वाण निश्चित करणे हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळांचे कार्य आहे. आपल्यासमोर बालक असते आणि त्याच्या शरीरातील जलक्षय ओळखणे हे आपले पहिले कर्तव्य होय. वाण कोणताही असो, बालक दगावते ते पाणी व क्षार निघून गेल्यामुळे.

डोळे खोल गेले आहेत काय, बाळ चिडचिडे वा सुस्त आहे काय, अधाशीपणे पिते की पिऊच शकत नाही, आणि पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली जाते काय, या चार गोष्टी प्रत्येक बालकात पाहाव्यात. बाळ सुस्त असेल, पिऊ शकत नसेल, किंवा त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर ते बालक आपल्या ओसरीवर थांबविण्याचे नाही. दोन महिन्यांखालील बालकात जलक्षयाचे कोणतेही लक्षण दिसले, ताप वा थंडगारपणा असला, किंवा दूध ओढणे थांबले, तर विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवावे. वाटेतही अंगावरचे दूध चालू ठेवावे.

इतर बालकांत ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, पुडीवर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात कालवून प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलीटर, चमच्याने सावकाश पाजावी. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा आरंभ करावा. कालवलेले द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे. त्यासोबत जस्ताची मात्रा दोन ते सहा महिने वयाला रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढे २० मिलिग्रॅम, अशी १४ दिवस द्यावी. सहा महिन्यांवरील बालकास लाजमंड, पातळ पेज, मूगडाळीचे कढण असा लघू आहार देता येतो. मात्र ही पेये ओआरएसची जागा घेत नाहीत.

चरकसंहितेच्या अतिसार चिकित्साध्यायात आमावस्थेत आरंभीच स्तंभन करू नये, असे बजावले आहे. हे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. जुलाब थांबविणे हे ध्येय नसून बालक वाचविणे हे ध्येय आहे. म्हणून लोपेरामाइडसारखी आधुनिक स्तंभक औषधे जशी वर्ज्य, तसेच कर्पूररसासारखे अहिफेनयुक्त योगही अर्भकास वर्ज्यच समजावेत. अहिफेनाने श्वसन मंदावते. विषाणुजन्य अतिसारात प्रतिजैविकांचाही उपयोग नाही.

बाळघुटीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग उगाळून देण्याची चाल आपल्याकडे घरोघरी आहे. पहिले सहा महिने केवळ स्तन्य द्यावे, हे आता सर्वमान्य आहे. न उकळलेल्या पाण्यात, अनेक हातांतून फिरलेल्या सहाणेवर उगाळलेली घुटी नवजात बालकाच्या मुखात जाते, तेव्हा औषधाबरोबर संसर्गही जाऊ शकतो. सासूबाईंच्या मायेचा मान राखून ही गोष्ट सांगण्यास आपणाइतका योग्य माणूस दुसरा नाही.

फडावरची बाळे

या विषयाचा सर्वांत कठीण भाग ऊसतोड कुटुंबांचा आहे. दिवाळीनंतर कराड, वाळवा, पलूस या भागांतील फडांवर बीडपासून आणि आपल्याच माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून कुटुंबे येतात. पाचटाच्या कोपीत राहणारे बाळ नेमके सहा ते चौदा आठवड्यांच्या वयात गाव सोडते. मूळ गावच्या उपकेंद्रात त्याचे नाव असते, पण बाळ तेथे नसते. फडाच्या गावी बाळ असते, पण यादीत त्याचे नाव नसते. हाच काळ थंडीचा, म्हणजे रोटाव्हायरसचाही असतो. पहाटे कोयता घेऊन निघालेली आई बाळाला फडाच्या बांधावर निजविते. तेथे हात धुण्यास पाणी नसते आणि जुलाब सुरू झाल्यावर दवाखान्यात जाण्यास अर्धा दिवस मोडतो.

ही कुटुंबे रात्री उशिरा ज्यांच्या दारी येतात, ते बहुधा गावातील वैद्यच असतात. म्हणून आम्ही सर्व सभासदांना सुचवितो की, हंगामात आलेल्या प्रत्येक बालकाचे माता-बाल संरक्षण कार्ड आपण स्वतः पाहावे. मात्रा राहिली असल्यास जवळच्या आशाताईंना कळवून फडाच्या गावीच पुढची मात्रा द्यावयास लावावी. आणि ओआरएसच्या चार पुड्या आईच्या पदरात बांधून, ते कसे कालवावे हे तिच्याकडून एकदा करवून घ्यावे. मुकादमालाही बोलावून त्याच्यासमोर धोक्याची लक्षणे सांगावीत, कारण वाहन त्याच्याच हाती असते.

सारांश

रोटाव्हायरसचे वाण अनेक आहेत. नवजात बालकाचे आतडे एका वाणास अनुकूल असते आणि मोठ्या बालकाचे दुसऱ्यास. एका शांत वाणातून लस निर्माण झाली, पण दुसरा तसाच वाण शांत राहिला नाही. म्हणून एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. कोणतेही थेंब पूर्ण कवच नाहीत, तथापि तीव्र आजार निम्म्याच्या आसपास कमी करणारे थेंब न देणे हा बालकावर अन्याय होय. वाणांचा शोध प्रयोगशाळेने घ्यावा. जलक्षय ओळखणे, स्तन्य चालू ठेवणे, स्तंभन टाळणे, वेळेवर पाठविणे आणि राहिलेली मात्रा पूर्ण करविणे, एवढे कार्य आपल्या हाती आहे. येत्या गाळप हंगामापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरातील फडांची यादी करून नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.